लाल सुताची पिशवी

बाहुलीच्या वेणीला लाल सूत बांधलेलं पार्वतीला दिसलं, तेव्हा ती केर काढत होती. बाहुली नातीची, उन्नतीची. शाळेची व्हॅन येण्याआधी पोरीने ती सोफ्यावर उशीला टेकवून बसवली होती आणि तिच्या पिवळ्या केसांना सुताचे वेढे देऊन वर फुलासारखी गाठ मारली होती. पार्वतीने वाकून ते सूत बोटांत धरून पाहिलं. कापड विणायच्या लूमवरचं जाड सूत, लालभडक. एका टोकाला पार्वतीने स्वतः मारलेली दुहेरी गाठ अजून तशीच होती.

कारण त्या घरात लाल सूत एकाच ठिकाणी होतं. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, झुरळांच्या औषधाच्या पिशवीला.

हे नीट कळायला पार्वतीचं पिशव्यांचं वेड आधी सांगायला हवं. खारबावातल्या या घराची शेतजमीन दापोड्याकडे होती. भाताची ती खाचरं आता गोदामाखाली गेली आहेत आणि पार्वतीचा मुलगा प्रितेश तिथले गाळे भाड्याने देतो. एक भाडेकरू गाळा सोडून गेला तेव्हा एक मोठा खोका मागे टाकून गेला. आत झिपच्या पिशव्या. लहान, मोठ्या, मधल्या, सगळ्या पारदर्शक, तोंडाशी बोटांच्या चिमटीने दाबलं की बंद. खाली कंपनीचं नाव छापताना तिरकं गेलं म्हणून बाद झालेल्या. प्रितेशने तो खोका घरी आणला आणि पार्वतीला जणू म्हातारपणी नवा खेळ सापडला.

सुरुवात सुक्या बोंबलांपासून झाली. सून मनाली कल्याणची. मासे ती आवडीने खायची, पण सुक्याचा वास फ्रीजमधल्या दुधाला लागतो म्हणून कुरकुरायची. पार्वतीने बोंबील, जवळा आणि सुकट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तोंड दाबलं आणि वास गेला. मग तिला धरबंध राहिला नाही. आलं-लसूण वाटून पिशवीत चपटं थापायचं, फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि हवं तेव्हा चिक्कीसारखा तुकडा मोडून घ्यायचा. वाल भिजवून पिशवीत ठेवले की मोड कसे जोमाने येतात ते ती शेजारच्या राहीबाईला बोलावून दाखवायची. देवघरातला कापूर उडून जाईना. गुडघा दुखला की बर्फाची पिशवी. उन्नतीच्या दप्तरात ओल्या रुमालाची वेगळी पिशवी. प्रितेशच्या मोटरसायकलचे स्क्रू, मिक्सरच्या भांड्यांची रबरं, नवऱ्याची दातांची कवळी, सगळं पिशवीत. नवरा तुळशीराम म्हणायचा, की मी झोपलो की ही मलाही घडी घालून पिशवीत ठेवेल. वापरलेली पिशवी ती टाकायची नाही. धुवायची, उलटी करायची आणि दोरीवर कपड्यांच्या शेजारी चिमटा लावून वाळवायची.

घरातले हसायचे, पण त्यामागचं खरं कारण कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पार्वती शाळेत गेलेली नव्हती. मनालीने लग्नानंतर हौसेने सारखे डबे आणले होते आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवली होती. तेव्हापासून चाळीस वर्षं जिथे डोळे मिटून हात जायचा, त्या स्वयंपाकघरात पार्वतीला डब्यांची झाकणं उघडून बघावी लागत होती, तीही मनालीची पाठ असताना. पिशव्यांनी तिची सुटका केली. डाळ ही डाळ दिसत होती, रवा हा रवा दिसत होता. काही वाचायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

फक्त पांढऱ्या पिठाची पंचाईत होती. राहीबाईने झुरळांवर उपाय सांगितला होता, बोरिक पावडर, तांदळाचं पीठ आणि साखर एकत्र करून गोळ्या करून ठेवायच्या. पार्वतीने ते मिश्रण भरपूर केलं आणि मोठ्या पिशवीत भरलं. पण ते आणि भाकरीचं पीठ शेजारी ठेवलं तर तिला स्वतःलाही फरक सांगता येईना. म्हणून तिने राहीबाईच्या मुलाच्या लूमच्या कारखान्यातलं लाल सूत आणलं, पिशवीच्या कोपऱ्याला दाभणाने भोक पाडलं, सूत ओवून दुहेरी गाठ मारली आणि पिशवी वरच्या फळीवर ठेवली. लाल सूत म्हणजे हात लावायचा नाही. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना जमणार नाही असा बंदोबस्त आपण केला, म्हणून ती स्वतःवर खूश होती.

आणि आता ते सूत बाहुलीच्या वेणीत होतं.

केरसुणी टाकून ती स्वयंपाकघरात गेली आणि स्टुलावर चढली. गुडघ्याने कळ दिली, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. वरची फळी रिकामी होती. तिने हात आतपर्यंत फिरवला. धुळीत पिशवी ठेवल्याचा चौकोन तेवढा होता.

स्टुलावरून ती उतरली ती ओट्याला धरूनच उभी राहिली. सकाळी तिने भाकऱ्यांना पीठ कुठून घेतलं होतं? ओट्यावरच्या पिशवीतून. खालच्या फळीवरून काढून तिनेच ती ओट्यावर ठेवली होती. सूत नव्हतं, म्हणजे पीठ. पण सूत तर पोरीने सोडून घेतलेलं. पोरगी स्टुलावर चढते, हे पार्वतीने कितीदा पाहिलं होतं. पिशवी खाली काढली असेल, सूत घेतलं असेल आणि पिशवी खालच्या फळीवर पिठाशेजारी ठेवून दिली असेल.

मग तिला आठवलं, आज भाकऱ्या चिरत होत्या.

तेव्हा तिने विशेष मनावर घेतलं नव्हतं. उकड काढली, परातीत मळली, थापायला घेतली तर कडा फाटत होत्या. तिने पाण्याचा हात लावला, नव्या तांदळाला दोन शब्द सुनावले आणि कशाबशा भाजल्या. पीठ संपलं म्हणून पिशवी धुवून दोरीवर टाकली. आता ते फाटणारे काठ डोळ्यांपुढे आले.

कोणी कोणी खाल्ल्या? प्रितेशने चहात बुडवून एक खाल्ली होती आणि तो दापोड्याला गेला होता. मनालीने डब्यात दोन नेल्या होत्या, ती तिथेच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते. तुळशीराम भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून भल्या पहाटे खाडीवर गेला होता, चिखलातले मासे, निवट्या धरायला. उन्नतीच्या डब्यात तूप-गूळ लावून गुंडाळलेली भाकरी होती. पोरीला गोड आवडतं. त्या गुळात साखरेची चव कुणाला कळणार?

आणि पार्वतीने स्वतः अजून घासही घेतला नव्हता. तिच्या सासूने लावलेली सवय. करणारीने सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसायचं, उरेल ते घ्यायचं. त्या सवयीला तिने आयुष्यात कधी नावं ठेवली नव्हती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, मी आधी खाल्लं असतं तर निदान मला कळलं असतं. झाकून ठेवलेल्या टोपलीतून तिने उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चव काहीच लागेना. घशाला अशी कोरड पडली होती, की गोड काय आणि कडू काय, सगळं सारखंच होतं.

तिला फोन करता येत होता. प्रितेशने तिच्या फोनमध्ये नावांऐवजी सगळ्यांचे फोटो लावून दिले होते. तिने फोन काढला. मनालीच्या फोटोवर बोट गेलं आणि तिथेच थांबलं.

मागच्या महिन्यात तिने गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ती अंगणात राहीबाईशी बोलत बसली होती. पातेलं जळून काळं झालं. मनाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पातेलं घासता घासता शांतपणे म्हणाली होती, आई, तुम्ही खूप केलंत आता, आपण स्वयंपाकाला बाई लावू या का? पार्वती त्यावर हसली होती आणि रात्रभर जागी राहिली होती. शेत गेलं, गोठा गेला, मिठागराच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चालायचं वय गेलं. या घरात तिचं असं एक स्वयंपाकघर उरलं होतं. तेही गेलं तर सकाळी उठून तिने करायचं काय? सोफ्यावर बाहुलीशेजारी बसायचं?

तिने बोट मागे घेतलं. तुळशीरामच्या फोटोवर दाबलं, तर फोन बंद असल्याचं कोणीतरी बाई सांगू लागली. प्रितेशचा लागला, पण उचलला नाही. गाड्या भरायच्या वेळी तो कधीच उचलत नाही. मग तिने मनाशी ठरवलं. मोठी माणसं मोठी आहेत, एखाद्या भाकरीने त्यांचं पोट बिघडेल फार तर. मनाली दुपारी जेवते, तिला वेळ आहे. पोर लहान आहे. आपण शाळेत जायचं, मधल्या सुट्टीच्या आधी डबा बदलायचा, बाईंना सांगायचं की घाईत शिळं दिलं. कोणाला काही कळायची गरज नाही. तिने कपाटातून बिस्किटांचा पुडा घेतला, चप्पल अडकवली आणि कुलूप लावायचंही विसरून ती स्टेशनकडच्या रस्त्याला लागली.

रिक्षा लगेच मिळाली. चालवणारा आझमगडकडचा, पण भिवंडीत मुरलेला. तिने शाळेचं नाव सांगितलं आणि लवकर ने बाबा म्हणाली. तिचा चेहरा पाहून त्याने भाड्याचंही बोलणं केलं नाही. मालोडीपर्यंत रिक्षा पळाली. पार्वती पुढच्या दांड्याला धरून बसली होती आणि मनातल्या मनात गावदेवीला सांगत होती, की आई, पोरीला आज भूक लागू देऊ नको. एरवी तिचं मागणं उलट असे. पोर खात नाही, तिला भूक लागू दे, असं ती रोज मागायची. आजच तेवढं ते रोजचं मागणं ऐकलं गेलं तर?

अंजूर फाट्याच्या अलीकडे रिक्षा थांबली. पुढे ट्रक, ट्रकच्या पुढे कंटेनर, त्याच्याही पुढे काय ते दिसत नव्हतं. रिक्षावाला उतरून चार पावलं पुढे जाऊन आला.

"चाची, कंटेनर आडवा लागलाय. घुमाने में टाइम जाएगा. मागे पण गाडी लागली, आता निघता येणार नाही."

"चालत गेली तर?"

"चालत कुठे चाची, इतनी धूप में. शाळा तो अभी बहोत दूर है."

पार्वतीने खाली उतरून पाहिलं. दोन्ही बाजूंना चाकंच चाकं, त्यांच्यापेक्षा तिची उंची कमी. डिझेलच्या वासाने तिला मळमळलं. की ते मघाच्या तुकड्याने? तिने पोटावर हात ठेवला. आणि त्या क्षणी तिला डोळ्यांसमोर शाळेचा वर्ग दिसला. पोरं डबे उघडतायत, उन्नती भाकरीची गुंडाळी सोडते, आधी चाटते, मग अर्धी मोडून शेजारच्या मुलीला देते. पोर वाटून खाते. तिनेच शिकवलं होतं, एकटीने खायचं नाही. दुसऱ्याचीही पोर.

ती रिक्षाच्या पायरीवर बसली. इथून शाळेत एकच गोष्ट वेळेवर पोहोचू शकत होती, आणि ती तिच्या मुठीत होती. केर काढल्यापासून होती. तिने मनालीच्या फोटोवर बोट दाबलं.

मनालीने लगेच उचलला. ऑफिसात कोणीतरी मोठ्याने हसत होतं, ते ऐकू येत होतं.

"मनाली, उन्नतीचा डबा खाऊ देव नको. शालेत फोन कर आताच. तू पन खाऊ नको. पिठात झुरलांचा औषध गेला हाय. माज्या हातून गेला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मनाली म्हणाली, "ठेवा फोन." आणि फोन बंद झाला.

कंटेनर निघाला आणि रिक्षा पोहोचली, तोवर मनाली दापोड्याहून आतल्या रस्त्याने स्कूटर मारत शाळेत येऊन पोरीला घेऊनही गेली होती. फाटकावरच्या बाईंनी पार्वतीला दवाखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिने पाठीवर घेऊन पुढचा रस्ता कापला. बिस्किटांचा पुडा मुठीत चुरा झाला होता.

दवाखान्यात उन्नती खाटेवर पाय हलवत बसली होती. फोन गेला तोवर मधली सुट्टी सुरू झाली होती. तिने अर्धी भाकरी खाल्ली होती, उरलेली बाईंनी हातातून काढून घेतली होती. तिची मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती, एवढं देवीने ऐकलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, काय आणि किती घातलं होतं ते पार्वतीकडून विचारून घेतलं. पार्वतीला माप सांगता येईना. ती ओंजळ करून दाखवू लागली, तर ओंजळ दर वेळी लहान-मोठी होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनीच तिचे हात धरून खाली ठेवले. पोरगी उलटी करतेय का, झोपाळतेय का, ते बघायला संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, असं ते म्हणाले. बातमी कळताच प्रितेशही आला. तो येताना वाटेत दोनदा ओकला होता. पार्वतीने भिंतीला डोकं टेकलं.

त्या दुपारइतकी लांब दुपार तिच्या आयुष्यात झाली नव्हती. तिच्या पोटचा धाकटा तापाने गेला होता, तेव्हासुद्धा तिला असं भ्यायला फुरसत मिळाली नव्हती. पोरीने जांभई दिली की ती वाकून तिच्या डोळ्यांत बघायची. पोरगी हसली की हे हसणं खरं का विषाचं, असं वाटायचं. "आजी, बाबासारखं तुझं पण पोट दुखतंय?" असं उन्नतीने विचारलं, तेव्हा तिने नाही अशी मान हलवली. पदराचं टोक तिने तोंडात धरलं होतं.

मनाली पोरीच्या उशाशी बसली होती. तिने सासूला दोष दिला नाही. तिने एकच विचारलं.

"आई, तुम्हाला कळलं केव्हा?"

"केर काढताना."

मनालीने मान वर केली. केर कधी निघतो ते तिला माहीत होतं. व्हॅन गेली की लगेच. तिने मनाशी काहीतरी जुळवलं आणि ती परत पोरीचे केस सारखे करायला लागली. ती काही बोलली नाही, पण पार्वतीला सगळं ऐकू आलं. पोर शाळेत पोहोचायच्या आत तुम्हाला कळलं होतं. फोन तुमच्या हातात होता. आणि तुम्ही रिक्षा शोधलीत.

पार्वतीला तेव्हाच आणखी एक गोष्ट सुचली. विषाच्या पिशवीला सुताचं भोक होतं. सकाळी धुतलेली पिशवी दोरीवर वाळत होती. ती उजेडात धरून पाहिली असती, तर भोक आहे की नाही ते कळलं असतं. एवढी साधी गोष्ट. पण भीतीने तिला दोरीपर्यंतही जाऊ दिलं नव्हतं. आता काही सांगितलं, तर ती नवीन सबब वाटली असती.

संध्याकाळी डॉक्टरांनी पोरीला घरी सोडलं. त्यांना कसलंच लक्षण दिसलं नाही, फक्त लक्ष ठेवा म्हणाले. सगळे घरी आले, तर तुळशीराम दाराबाहेरच्या ओट्यावर बसून निवट्या साफ करत होता. दार उघडं टाकून सगळे कुठे उलथला होतात, असं त्याने विचारलं. प्रितेशने त्याला विचारलं, की तुमचा फोन का बंद होता.

"पानी गेला ना आत. झिपच्या पिशवीत ठेवला, तरी गेला. ही पाहा, कोपऱ्याला भोक पडलाय." त्याने शेजारी वाळत घातलेली पिशवी उचलून दाखवली.

पार्वतीने पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली. कोपऱ्याला दाभणाचं भोक होतं. भोकाच्या कडेला लाल रंगाचा डाग.

"ही कुठं मिलली तुमाला?"

"वरच्या फलीवरची. परवा पडवीत जाल्यांखाली झुरलं झालेली, तवा सगला औषध तिकडं टाकला. पिशवी चांगली होती, धुवून घेतली. तूच धुतेस ना?" तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. "सूत पोरीनं मागितला, दिला. कय झाला?"

प्रितेश पडवीत गेला. मासे धरायच्या जाळ्यांच्या खाली, भिंतीला लागून, पांढरी रेघ होती आणि तिच्या कडेला झुरळं उताणी पडली होती. आपण ओकलो ते नुसत्या भीतीने, हे कळून तो तिथेच खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडला. उन्नतीला वाटलं काहीतरी मजा चालली आहे, तीही हसली. मनालीने पोरीला कडेवर घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

पार्वतीचा जीव भांड्यात पडला, असं म्हणायला हवं, पण तसं झालं नाही. विष पिठात नव्हतं. पण पिठात विष आहे असं वाटत असताना ती फोन मुठीत धरून रिक्षात बसली होती. ते खरं होतं, आणि ते कुठल्या पिशवीत घालून तोंड दाबता येणार नव्हतं.

बाई लावायचं कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनाली लवकर उठली आणि तिने उन्नतीच्या डब्यासाठी पोहे केले. त्याच्या पुढच्या दिवशी उपमा केला. पार्वती शेगडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून भाकऱ्या थापत होती, आणि दोघी एकमेकींना जागा देत होत्या. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की पार्वती ती मोडायची आणि उभ्याउभ्या, वाफेसकट, कोरडी खायची. मग हात थांबवून खिडकीबाहेर बघत राहायची. पोटात काही होत नाही ना, याचा अंदाज घेऊन झाला की पुढची थापायची. घरातल्यांना ते दिसत होतं. तुळशीरामने एकदा चेष्टा करायला तोंड उघडलं आणि बायकोचा चेहरा पाहून चहा पिऊन टाकला.

"आजी, तू आता सगळ्यांच्या आधी का खातेस?" उन्नतीने विचारलं.

"भूक लागते गं," पार्वती म्हणाली.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी मनालीला उशीर झाला होता. केस ओले, खांद्याला पर्स, ती स्वयंपाकघरात आली. पोहे भिजवलेले नव्हते. पार्वतीने नेहमीप्रमाणे पहिली भाकरी उतरवली, मोडली आणि घास तोंडाकडे नेला. मनालीने तिच्या दुसऱ्या हातातला अर्धा भाग काढून घेतला. गरम होता, तिने तो दोन हातांत झेलला आणि सासूने घास गिळायच्या आधी स्वतःच्या तोंडात घातला.

पार्वतीचा घास तोंडातच राहिला.

"मीठ कमी आहे, आई," मनाली म्हणाली. तिने उन्नतीचा डबा उघडून ओट्यावर ठेवला आणि ती पोरीची वेणी घालायला बाहेर गेली.

पार्वतीने पुढची भाकरी थापायला घेतली. काठ फाटले नाहीत. ती तव्यावर फुगली, तशी तिने ती उतरवली, तूप-गूळ लावलं, गुंडाळली आणि उघड्या डब्यात ठेवली. झाकण मात्र तिने लगेच लावलं नाही. दोन्ही हातांनी डबा धरून ती तशीच उभी राहिली, बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंत.